'झारेकरी'मधला झारा कोणता?

आजी सोनारगल्लीतली धूळ धुऊन सोनं काढणाऱ्याला 'झारेकरी' म्हणायची. यातला झारा बुंदी पाडायचा, की याचा संबंध पाण्याच्या झऱ्याशी आहे?

दोन्ही नाही, असं माझं मत. आधी ते काम बघा. लहानपणी आमच्या सराफकट्ट्यात दुकानं उघडायच्या आत एक बाई यायच्या. उंबऱ्याच्या फटीतली, पायरीखालची, गटाराच्या तोंडाची धूळ ताठ कुंच्यानं उकरून घमेल्यात भरायच्या. मग पाणी घालून घमेलं तिरकं धरायचं आणि गोल गोल हलवत राहायचं. माती कडेवरून वाहून जाई, तळाला काळसर रेघ उरे. तिच्यात पारा चोळला की सोन्याचे कण पाऱ्याला धरतात. तापवून पारा उडवला की सोनं हाती येतं. तो धूर विषारी, आणि हे सगळं राहत्या घरात चालायचं.

नदीतलं सोनं काढायची रीतही हीच. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. म्हणून पाण्याची ओढ मंदावली की सोनं आधी बसतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडे नदीची वाळू धुणारे ते सोनझारे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ सालच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात या नावाची फोड सोना आणि झारना, म्हणजे झाडणे, अशी दिली आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांबरोबर 'सोनझारी झारेका' हे नाव आजही आहे. झारेका आणि झारेकरी शेजारी ठेवून बघा.

झरा, झारी ही 'झरणे'ची लेकरं. झारीतले शुक्राचार्य बसले होते तेही धार अडवायला. पण झरणं आपोआप होतं, झाडणं माणसाला करावं लागतं. शिवाय शेतकरी, टाळकरी यांत 'करी'आधी नाम आहे. तसा इथला झारा म्हणजे झाडून गोळा केलेली धूळ, असं मी समजतो.

मग 'प्लेसर मायनिंग'ला, म्हणजे नदीची वाळू धुऊन सोनं काढण्याला, मराठीत काय म्हणावं?

प्लेसर मूळचा स्पॅनिश, अर्थ वाळूचा दांडा. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा तो इंग्रजीत रुळला. आपल्याकडे 'जलोढ खनन' लिहितात, पण तसं बोलताना मी कुणाला ऐकलं नाही. मी 'झारकाम' म्हणेन. 'त्या नदीवर पावसाळा सरला की झारकाम चालतं', हे वाक्य आजीलाही कळलं असतं.