मदत हवी आहे : क्रमांकाचे फोल्डर आठव्या आकड्याला अडतात (शेल स्क्रिप्ट, उबुंटू)

नमस्कार मंडळी,

आमचे आजोबा नारदीय कीर्तन करायचे. त्यांच्या हातच्या १४३ वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत सापडल्या. शाई फिकी पडते आहे, म्हणून पानापानाचे फोटो काढते आहे. दर वहीला एक फोल्डर, आत ‘पूर्वरंग’ (निरूपण) आणि ‘उत्तररंग’ (आख्यान) असे दोन. वहीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने तोच क्रमांक घालते, म्हणजे फोटोवरून मूळ वही शोधता येईल.

आधी साधे आकडे दिले होते, तर यादीत १ नंतर १०, मग १००, मग २. म्हणून ००१, ००२ असं सुरू केलं. वह्या एका दिवसात होत नाहीत. त्यामुळे स्क्रिप्ट शेवटच्या फोल्डरच्या नावातून आकडा काढते, त्यात एक मिळवते, प्रिंटएफने पुन्हा तीन अंकी करते आणि एमकेडिरने पुढचा फोल्डर बनवते.

००८ पर्यंत सुरळीत चाललं. नंतर ‘व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस’ असा एरर. ००९ हाताने केला, तरी तोच. ०१० हाताने केल्यावर एरर गेला, पण स्क्रिप्ट ०११ ऐवजी पुन्हा ००९ बनवायला गेली आणि ‘फाइल एक्झिस्ट्स’ म्हणून थांबली. दोन रात्री यात गेल्या. कुठे चुकतंय?

प्रतिसाद

ताई, तुमची स्क्रिप्ट चालवणारं शेल म्हणजे बॅश. बेरजेत पुढे शून्य असलेला आकडा ते अष्टमान पद्धतीचा समजतं. त्या पद्धतीत ० ते ७ एवढेच अंक. ००७ पर्यंत दोन्ही पद्धतींत किंमत एकच, म्हणून तोवर काही कळलं नाही. ००८ आणि ००९ हे आकडेच तिथे नाहीत, म्हणून एरर. आणि ०१० म्हणजे अष्टमानात आठ. आठ अधिक एक, नऊ. एररपेक्षा ही चूक वाईट, कारण बेरीज चुकल्याचं कुणी सांगत नाही.

बेरजेच्या दुहेरी कंसात, आकडा ज्यात ठेवलाय त्या व्हेरिएबलच्या आधी दहा आणि लगेच हॅशचं चिन्ह लावा, मधे जागा नको. व्हेरिएबलचं डॉलर चिन्हही तिथे हवंच. मग आकडा दशमानच धरला जातो. आकडे इंग्रजीच ठेवा, देवनागरी अंक बेरजेत चालत नाहीत.

प्रतिसाद

वरचं बरोबर आहे. मी मात्र नावातून आकडा काढतच नाही. मोजणी साध्या १, २, ३ ने करायची, शून्यं फक्त नाव बनवताना प्रिंटएफने जोडायची. तो फोल्डर आधीच असेल तर पुढचा आकडा. असा लूप लावला की अष्टमानाचा प्रश्न उद्भवत नाही.

अजून एक, कळकळीने सांगतो. मुख्य फोल्डर बनवताना एमकेडिरला ‘पी’ हा पर्याय देऊ नका. तो दिला की फोल्डर आधीपासून असला तरी तक्रार येत नाही, आणि नव्या वहीचे फोटो जुन्या वहीत जाऊन पडतात. मुख्य फोल्डर ‘पी’विना, तो झाला तरच पुढे दोन अँपरसँड देऊन आतले दोन.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! दहा-हॅश लावलं आणि ०११ आला. लूपची पद्धत सुटसुटीत आहे, पण मला नको. ००६ ही वही म्हणजे ००५ चाच सुटलेला भाग निघाला, म्हणून तो फोल्डर काढून टाकला आहे. लूप ती रिकामी जागा भरेल, आणि पुठ्ठ्यावरची पेन्सिल एक सांगेल, फोल्डर दुसरं. ‘पी’ मात्र आधीही नव्हता, पुढेही लावणार नाही.

भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर हीच स्क्रिप्ट ‘एसएच’ लिहून चालवली, तर दहा-हॅशच्याच ओळीवर वेगळा एरर येतो. तोही उबुंटूच आहे.

प्रतिसाद

उबुंटूत ‘एसएच’ म्हणजे बॅश नव्हे, डॅश नावाचं दुसरं शेल. २००६ सालच्या ६.१० पासून तसंच आहे. दहा-हॅश डॅशला कळत नाही. त्याला ‘बॅश’ लिहून चालवायला सांगा.

धागाकर्ती

चाललं. आज ०१९ पर्यंत आले. ०१४ मध्ये आजोबांनी समासात आख्यानाचा राग लिहून ठेवलाय, त्या पानाचा फोटो उद्या दिवसाच्या उजेडात पुन्हा काढणार आहे.