चिऱ्याच्या जुन्या घरात व्हीलचेअर फिरण्यासाठी काय काय करावं लागेल? (माजी सैनिक, डिचोली तालुका, गोवा)

वाड्यावरचा
आमच्या वाड्यावरचे एक माजी हवालदार पुण्याजवळच्या खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमधून (कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रातून) कायमचे घरी यायचे आहेत. सेवेत असताना मणक्याला इजा झाली. कमरेखाली संवेदना नाही, अपंगत्व 100 टक्के, पेन्शन चालू आहे. हात मजबूत आहेत, खुर्ची स्वतः चालवतात.

घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), कौलारू. जोतं 75 सेंमी. पुढच्या दाराची चौकट आतून 75 सेंमी, शिवाय 10 सेंमीचा उंबरठा. दारासमोर अंगण 8 मीटर. न्हाणी आणि संडास मागे, दोन पायऱ्या उतरून, तोही भारतीय पद्धतीचा. जागा भाटकाराची (जमीनमालकाची), हे मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे), पण नोंद अजून झालेली नाही. कामाची सुरुवात कुठून करावी, आणि पैसे कुठून मिळू शकतात?

जोतं_आणि_पाणसळ
आधी त्यांची खुर्ची मोजा: हातरिंगसकट (चाक हाताने ढकलायची कडी) बाहेरची रुंदी, सीटची उंची, पायपाटीसकट लांबी. ही तीन मापं हातात नसताना गवंड्याला बोलावू नका.

उतार 1:12 पेक्षा (1 उंचीला 12 लांबी) तीव्र नको. 75 सेंमी जोत्याला म्हणजे 9 मीटर. सरळ रेषेत तो तुमच्या अंगणात बसत नाही, म्हणून दुमडावा लागेल: साडेचार मीटर, मध्ये वळायला दीड मीटरचा सपाट टप्पा, परत साडेचार मीटर. दारासमोरही दीड मीटर सपाट हवंच, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घरंगळते. असं धरलं तर भिंतीपासून साडेसात मीटर लागतात. रुंदी प्रत्येक पट्ट्याला 1.2 मीटर, कठड्यांसकट एकूण पावणेतीनच्या आसपास. जागा वाचवायला 1:8 करून देतो म्हणणारे मिस्त्री भेटतील, त्यांचं ऐकू नका. ओल्या हातरिंगवर पकड सुटली की माणूस उलटा खाली येतो. वर छप्पर घालणं शक्य नसेल तर 1:15 धरा, मग अंगणाचा हिशेब पुन्हा करावा लागेल.

आपल्याकडे उतार बिघडतो तो भरावामुळे. दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती बांधून आत माती ओततात, वर कोबा करतात, आणि पहिल्या पावसात भराव बसतो. जुन्या जोत्याला लागून दोन सेंमीची पायरी तयार होते आणि पुढची छोटी चाकं तिथेच अडकतात. भराव 15 सेंमीच्या थरांत, पाणी मारून धुम्मस करतच घाला. काम पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढा. जोत्याला आणि उताराला एकजीव करू नका, सांधा सोडा आणि वर खडबडीत लोखंडी पट्टी एकाच बाजूने बसवा.

पृष्ठभागावर फरशी नको. ओल्या कोब्यावर खराट्याने आडवे ओरखडे काढा. पागोळ्या उतारावर पडत असतील तर पन्हाळ लावा, नाहीतर जुलैत शेवाळ धरणारच. ते ब्लीचिंग पावडर टाकून घासावं लागतं. कडेला 10 सेंमीची कड, कठडा दोन्ही बाजूंना, 76 आणि 90 सेंमी उंचीवर, पाइप 38 ते 45 मिमी.

दार: मोकळी वाट 90 सेंमी हवी. चिऱ्याची भिंत जाड असते, त्यामुळे दार म्हणजे छोटा बोगदाच. खुर्ची तिरकी शिरत नाही, दाराच्या दोन्ही बाजूंना दीड मीटर मोकळं ठेवा. चौकट काढण्याआधी वर लिंटेल (आडवी तुळई) घाला, आधी चिरा फोडला तर वरचा थर खचतो. उंबरठा पूर्ण काढा.

चिरा_बोल्ट
न्हाणीबद्दल लिहितो, कारण उतारापेक्षा ती आधी हवी. उतार तयार नसेल तर चार माणसं उचलून नेतील, पण संडास रोजचा आहे.

मागे पायऱ्या उतरून जाणारी दुरुस्त करत बसू नका. आतल्या खोलीचा कोपरा घ्या, आतून निदान 2.2 बाय 2 मीटर. जोतं उंच असल्यामुळे सेप्टिक टाकीपर्यंत पाइपला उतार आपोआप मिळतो. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

कमोडच्या एका बाजूला 90 सेंमी मोकळे, खुर्ची तिथे लागते. दुसऱ्या बाजूच्या भिंतीपासून कमोडचा मध्य 45 सेंमीच्या आसपास, म्हणजे आधाराचा दांडा हाताशी येतो. सीट खुर्चीच्या सीटच्या पातळीवर, साधारण 45 ते 48 सेंमी. जमिनीला 1:50 पेक्षा जास्त उतार दिला तर शरीर हलवताना खुर्ची सरकते.

आता दांडे. जांभा सच्छिद्र असतो. साधा एक्सपान्शन बोल्ट (भोकात फुगून पकडणारा) ठोकला तर आज घट्ट वाटतो, पण सगळं वजन रोज त्याच्यावर येतं, भोक मोठं होत जातं आणि एक दिवस दांडा हातात येतो. भिंतीतून आरपार बोल्ट घालून पलीकडे 6 मिमीची लोखंडी प्लेट द्या. तेवढं जमत नसेल तर जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट). सबंध वजन लटकवून पाहिल्याशिवाय मिस्त्रीला सोडू नका. स्टील 304 ऐवजी 316 ग्रेडचं घ्या, आपल्या खाऱ्या दमट हवेत ते टिकतं. कौलाच्या वाशांना ओढून उठायची दोरी वगैरे काही टांगू नका.

संवेदना नाही म्हणून दोन गोष्टी विसरू नका. गीझरचं पाणी आधी मिसळून 40 अंशांच्या आसपास येईल असा थर्मोस्टॅटचा मिक्सर लावा, कारण भाजलं तरी त्यांना कळणार नाही. बेसिनखालचा गरम पाण्याचा पाइप झाका, गुडघे तिथेच जातात. आणि कडक प्लास्टिकच्या सीटवर बसून जखम होते, मऊ गादीची सीट हवी.

पेन्शन_कागद
पैशाआधी कागद. पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाची कार्यवाही, माजी सैनिक ओळखपत्र, आधार, बँक पासबुक. हे घेऊन पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. केंद्रीय सैनिक बोर्डाचे अर्ज ऑनलाइन भरतात, पण छाननी तिथूनच होते.

बोर्डाचं घरदुरुस्ती अनुदान हवालदार हुद्द्यापर्यंतच्या 100 टक्के अपंग माजी सैनिकांना आहे, 20,000 रुपये. तेवढ्यात घर होत नाही, पण दांडे आणि दार निघतात. घर बांधायला बँकेचं कर्ज काढलं तर युद्धात किंवा सेवेशी संबंधित कारणाने अपंग झालेल्यांना निम्म्या व्याजाची भरपाई आहे, कमाल 1 लाख. काम सुरू होण्याआधी फोटो आणि इंजिनियरचा अंदाजपत्रकाचा कागद तयार ठेवा. भिंत फोडल्यावर आधीची अवस्था दाखवता येत नाही.

युडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. लष्करी टक्केवारी पेन्शनसाठी असते, नागरी योजनांना ती चालत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 37 खाली सरकारी घरवाटपात 5 टक्के आरक्षण आहे, ते 40 टक्के आणि वरच्या अपंगत्वासाठी. अनुसूचित जमातीचे असतील तर आदिवासी कल्याण खात्याची अटल आसरा योजनाही विचारा.

मुंडकाराचं प्रकरण मात्र आत्ताच हातात घ्या. 1975 च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदाराकडे नोंदणीचा अर्ज करा. नोंद नसेल तर बँक कर्ज देत नाही. उतार अंगणात जातो म्हणून पंचायतीचा परवाना घ्या, नकाशावर त्याची लांबी-रुंदी लिहा.

वाड्यावरचा
मनापासून आभार. खुर्ची बाहेरून 64 सेंमी, सीट 50. भाटकार काम करायला हरकत घेत नाहीत, पण लेखी द्यायला टाळतात.

चिरा_बोल्ट
50 ची सीट असेल तर कमोड 48 वर घ्या, कमोडखाली सिमेंटचा ओटा करून. खुर्चीपेक्षा दोन सेंमी खाली असेल तर जाताना सोपं, परत येताना मात्र दोन सेंमी चढ. हात मजबूत आहेत म्हणता, तेव्हा चालेल. पण ओटा घालण्याआधी खडकीच्या थेरपिस्टना मापं पाठवा. ते तिथे हालचाल करून पाहतील आणि नेमकी उंची सांगतील.

पेन्शन_कागद
भाटकार लेखी देत नाहीत म्हणून थांबू नका. मामलेदाराकडे अर्ज केल्याची पोच, घरपट्टी आणि विजेचं जुनं बिल पंचायतीच्या अर्जाला जोडा.