पूर्ण तेर्स झेपत नसेल तर

अंथरुणाला खिळलेल्या आईला तेर्स, म्हणजे मण्यांच्या माळेवरची आपली कॅथलिक प्रार्थना, पूर्ण म्हणवत नाही आणि ‘दुःख देवाला अर्पण कर’ म्हटलं की ती गप्प होते, असं एका ताईंनी लिहिलंय.

पूर्ण तेर्साचा हट्ट सोडा. एकच रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग, मनात घ्या: एक ‘आमच्या बापा’, दहा ‘नमान मोरिये’ (मरियेची प्रार्थना). दम लागत असेल तर तुम्ही म्हणा, त्यांनी फक्त मणी सरकवावेत. दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या यातनांचे प्रसंग, मंगळवारी नि शुक्रवारी म्हणतात, पण आजाऱ्याला वाराचं बंधन कशाला? झोप नसलेल्या रात्री गेथसेमनीचं रहस्य घ्या, म्हणजे मरणाआधीच्या रात्री येशूने बागेत केलेली प्रार्थना. येशूनेही आधी ‘हा प्याला टळो’ असंच मागितलं, मग ‘तुझी इच्छा’ म्हटलं. म्हणून बरं होण्याची मागणी आणि अर्पण यांत विरोध नाही, औषधं तर चालूच ठेवायची. दुसऱ्याकडून अंग पुसून घेण्याची लाज वाटत असेल तर क्रूस वाहण्याचं रहस्य घ्या. तिथे क्रूस उचलायला सिमोन नावाच्या वाटसरूचा खांदा येशूलाही लागला. अर्पण मोघम नको, दुःख कुणासाठी अर्पण करताय ते नाव घेऊन म्हणा.

आणि पाद्रींना आत्ताच बोलवा. कपाळाला नि हातांना तेल लावण्याचा संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही, आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. घरचे घाबरून शुद्ध हरपेपर्यंत थांबतात, मग कुमसार (पापांची कबुली) आणि कोमुन्यांव (ख्रिस्तप्रसाद घेणं) दोन्ही राहून जातात. कोमुन्यांवाआधीचा तासाभराचा उपास आजाऱ्याला लागू नाही, शुश्रूषा करणाऱ्यालाही नाही.