मदत हवी आहे : दगडी भिंतीआड बसवलेले पायदळ तरीही का मरते? (कंपनी ऑफ हीरोज २)

नमस्कार मंडळी,

‘कंपनी ऑफ हीरोज २’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा संगणकावरील डावपेचांचा खेळ मी गेल्या दिवाळीपासून खेळतो आहे. खेळ २०१३ सालचा असल्यामुळे माझ्या जुन्या संगणकावर तो विनातक्रार चालतो, आणि लातूरला राहणारा माझा मामेभाऊही तोच खेळत असल्याने दर शनिवारी रात्री, परभणीत वीज टिकली तर, आमचा एक सामना ठरलेला असतो. तो जर्मन बाजू घेतो, मी सोव्हिएत. गेल्या अकरा सामन्यांपैकी नऊ मी हरलो आणि त्यांतले निदान सहा अगदी एकाच तऱ्हेने हरलो, म्हणून हा धागा काढावा लागला. हरण्याचे मला फारसे वाटत नाही. पण नियम पाळूनही का हरतो हे उमगत नाही, याचा त्रास होतो.

आम्ही बहुधा ज्या मॅपवर खेळतो, त्याच्या मध्यावर एक रस्ता आहे, रस्त्याच्या कडेला कमरेएवढी दगडी भिंत आहे आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर इंधनाचा पॉइंट आहे. ही भिंत ज्याच्या हाती त्याच्या हाती इंधन, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असल्यामुळे सामना सुरू होताच मी कॉन्स्क्रिप्टच्या, म्हणजे साध्या सोव्हिएत पायदळाच्या, दोन तुकड्या तिकडे धाडतो. कर्सर भिंतीजवळ नेला की हिरवे ठिपके दिसतात. हिरवा ठिपका म्हणजे भक्कम आडोसा. पिवळा म्हणजे कुंपण, झुडूप किंवा तोफगोळ्याने पडलेला खड्डा यांसारखा हलका आडोसा. आणि लाल म्हणजे शत्रूच्या गोळ्या नेहमीपेक्षाही अधिक लागतील अशी जागा, एवढे मी शिकलो आहे. मी हिरवे ठिपके पाहूनच तुकडी बसवतो. तरीही समोरच्या लाकडी कुंपणाआडून, म्हणजे केवळ पिवळ्या आडोशातून, मामेभावाच्या ग्रेनेडियरांची, म्हणजे जर्मन पायदळाची, चार जणांची तुकडी माझ्या सहा जणांना असे काही टिपते की थोड्याच वेळात दोघे उरतात आणि मला ‘टी’ दाबून त्यांना मुख्य तळाकडे पळवावे लागते.

आमच्या आजोळी, जिंतूरकडच्या एका गावात, पांढऱ्या मातीची एक पडकी गढी आहे. लहानपणी तिथे आम्ही ढेकळांच्या लढाया खेळत असू आणि गढीच्या भिंतीआड बसणाऱ्याला ढेकूळ लागत नसे. भिंतींविषयी माझा एवढाच काय तो अनुभव, आणि बहुधा त्याच भरवशावर मी अजून खेळतो आहे.

दोन सामन्यांचे रीप्ले मी सावकाश पाहिले. त्यांत एक गोष्ट खटकली : तुकडी भिंतीआड बसल्यासारखी दिसत असली, तरी तिच्यातले एक-दोन सैनिक भिंतीच्या टोकाबाहेर, रस्त्यावरच उभे असतात. दुसरे असे की मामेभाऊ कधीकधी फ्लेमथ्रोअर (आग फेकणारे हत्यार) घेतलेले पायोनिअर (बांधकाम करणारे जर्मन सैनिक) भिंतीपर्यंत आणतो, आणि तेव्हा भिंत असून नसल्यासारखीच होते. माझे प्रश्न असे आहेत. आडोसा संपूर्ण तुकडीला मिळतो की प्रत्येक सैनिकाला वेगवेगळा? भिंत फक्त समोरून येणाऱ्या गोळ्या अडवते की तिरक्या गोळ्याही? आणि आग व ग्रेनेड यांच्यापुढे भिंतीचा काही उपयोग असतो का? ‘तुमच्या तुकड्या वाढवा’ हा सल्ला कृपया देऊ नये. तो मामेभाऊच दर शनिवारी देतो.

प्रतिसाद, नांदेडहून :

तुमच्या रीप्लेमध्ये जे तुम्हाला खटकले, तिथेच बहुतेक उत्तर आहे. या खेळात आडोसा तुकडीला मिळत नाही. ज्याच्या त्याच्या उभे राहण्याच्या जागेप्रमाणे प्रत्येक सैनिकाला तो मिळतो किंवा मिळत नाही. कॉन्स्क्रिप्टच्या तुकडीत सहा जण, ग्रेनेडियरच्या तुकडीत चार. आखूड भिंतीला चौघे सहज मावतात. सहा जण पाठवले की दोघे बाहेर राहतात, आणि तुमची भिंत रस्त्याला लागून असल्यामुळे ते दोघे उघड्यावर नव्हे तर थेट लाल जागेत उभे राहतात. पहिले बळी त्यांचेच जातात. त्यानंतर चार विरुद्ध चार असा सामना उरतो, आणि दूरच्या अंतरावर ग्रेनेडियरची बंदूक कॉन्स्क्रिप्टपेक्षा सरस आहे. त्यात त्याने हलकी मशीनगन घेतली असेल तर विचारायलाच नको. म्हणून तुकडी पाठवताना एकूण किती हिरवे ठिपके (एका सैनिकाच्या जागेला एक) दिसतात ते मोजा, आणि सहा नसतील तर भिंतीच्या मधोमध क्लिक करण्याऐवजी ज्या टोकापुढे मोकळा रस्ता नाही त्या टोकाकडे क्लिक करा. एखादा ठिपका हिरवा नसला तरी चालेल, पण तो लाल नसावा.

दिशेचे म्हणाल तर भिंत ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या गोळ्या ती अडवते. शत्रूची दुसरी तुकडी टोकाला वळसा घालून आली की तुमचे सैनिक मोकळ्या मैदानात बसल्यासारखेच असतात. तुमच्या गढीवरही मागच्या खिंडारातून कोणीतरी ढेकूळ घेऊन आलेच असेल, आठवून पाहा. शिवाय शत्रू अगदी भिंतीपाशी येऊन भिडला, किंवा तुम्ही भिंतीच्या एका बाजूला आणि तो त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला बसला, तर आडोशाचा लाभ दोघांनाही मिळत नाही. खेळाच्या या दुसऱ्या भागात सैनिक कमी उंचीच्या भिंतीवरून उडीही मारतात, हे विसरू नका.

आग आणि ग्रेनेड भिंत मानत नाहीत. उलट भिंतीआड सैनिक एकमेकांना खेटून बसतात, त्यामुळे एकच रायफल-ग्रेनेड (बंदुकीतून उडवलेला ग्रेनेड) तिघांना घेऊन जातो. तो सोडण्याआधी ग्रेनेडियर क्षणभर थांबून नेम धरतो. तो दिसला की भिंतीचा मोह सोडून तुकडी चार पावले मागे घ्या आणि ग्रेनेड फुटला की पुन्हा आणून बसवा. फ्लेमथ्रोअरवाल्यांना मात्र जवळ येऊच देऊ नका, कारण त्यांचा पल्ला कमी असतो. दोन तुकड्यांपैकी एक भिंतीआड आणि दुसरी बाजूच्या पिवळ्या आडोशात तिरकी ठेवली, तर पायोनिअर भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच त्याला दोन दिशांनी गोळ्या बसतात. दोन्ही तुकड्या एकाच भिंतीला चिकटवणे ही माझ्या मते तुमची खरी चूक आहे. आमच्याकडे कंधारचा किल्ला पाहिला असेल, तर तटाला जागोजाग बुरूज कशासाठी पुढे काढले आहेत ते लक्षात येईल : भिंतीच्या पायथ्याशी आलेल्याला बाजूने टिपण्यासाठी.

दुसरा प्रतिसाद, धाराशिवहून :

वरच्या उत्तरात एकच भर घालतो. कॉन्स्क्रिप्टना वाळूच्या पोत्यांचा आडोसा उभारता येतो. त्याला केवळ वेळ लागतो आणि तो हिरवाच असतो. भिंत आखूड पडत असेल तर तिला जोडून पोती लावा. मात्र ती पोती शत्रूलाही पलीकडच्या बाजूने वापरता येतात, तेव्हा जागा सोडून जाण्याची वेळ येणार असेल तर ती कुठे लावली आहेत याचा विचार आधीच केलेला बरा. तसेच तुकडीला ‘ए’ दाबून हल्ल्याच्या आदेशाने भिंतीकडे पाठवू नका. वाटेत शत्रू दिसला की ती असेल तिथेच थांबून गोळीबार सुरू करते, आणि असेल तिथे म्हणजे बहुधा रस्त्याच्या मधोमध.

धागाकर्ता :

आपणा दोघांचे मनापासून आभार. ‘ए’ दाबण्याची सवय मला होती, हे कबूल करतो. सहापैकी किती पराभव त्या एका बटणाचे असतील ते आता मोजत बसत नाही.

काल रात्री सांगितल्याप्रमाणे खेळून पाहिले. एक तुकडी भिंतीच्या आतल्या टोकाला, तिच्या शेजारी पोत्यांची एक ओळ, आणि दुसरी तुकडी डावीकडच्या झुडपात तिरकी. ग्रेनेडियर नेहमीप्रमाणे कुंपणाआड आले आणि या वेळी पळाले ते तेच. पायोनिअरची तुकडी अर्ध्या वाटेवर संपली. रायफल-ग्रेनेड दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा माझे लक्ष इंधनाकडे होते. भिंत बराच वेळ माझ्याकडे राहिली. इतका वेळ ती यापूर्वी कधीच राहिली नव्हती, आणि मामेभावाने मध्येच फोन करून ‘तू कोणाकडून शिकलास?’ असे विचारले.

सामना तरीही हरलो. त्याचा रणगाडा आला आणि भिंतीला वळसा न घालता भिंत तुडवूनच पुढे गेला. पोतीही त्याच्याखाली गेली आणि माझे सहा जण मोकळ्या मातीवर उरले. रणगाडाविरोधी तोफ वेळेत आणायला हवी होती, एवढे मला कळते. पण ती भिंतीच्या मागे नेमकी किती अंतरावर ठेवावी, म्हणजे भिंत राखणाऱ्या तुकडीच्या नजरेचा तिला उपयोग होईल आणि भिंतीवर पडणारे मॉर्टरचे गोळे तिच्यावर पडणार नाहीत, हे कोणी करून पाहिले असेल तर कृपया सांगावे. पुढचा सामना शनिवारी आहे.