विषय: माजी सैनिकांचा सत्कार – शाली घेण्याआधी नावं नीट लिहूया

प्रेषक: मंडळाचे सचिव

नमस्कार मंडळी,

कार्यकारिणीनं ठरवलंय की येत्या १४ जानेवारीला बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या माजी सैनिकांचा सत्कार मंडळातर्फे करायचा. आपल्यातल्या पुष्कळांची घरं सीमाभागात आहेत, आणि त्यातल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी पल्टणीत होतं. कार्यक्रम बेळगावात होईल, आपण इथून परदेशातून व्हिडिओ कॉलनं पडद्यावर सामील होऊ. शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि सगळ्यांना जेवण, असा बेत आहे.

हीच तारीख का, असं काहींनी विचारलं. स्वतंत्र भारताच्या लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख करिअप्पा १९५३ साली या दिवशी निवृत्त झाले, म्हणून हा माजी सैनिकांचा दिवस पाळतात. संक्रांतही जवळच असते. आपापल्या गावातल्या दोन-तीन जणांची नावं आठवड्याभरात कळवावीत.

– सचिव


प्रेषक: निपाणीकडचे काका

सचिवसाहेब, कल्पना उत्तम. माझं मत ४ फेब्रुवारीला आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचा तो मराठा दिवस. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, त्याची आठवण. रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. आपल्या भागाच्या दृष्टीनं तोच दिवस शोभेल. तारखेवर मात्र मी अडून बसणार नाही.


प्रेषक: खानापूरची ताई (सध्या गावी)

सचिवदादा, काका, नमस्कार.

मी सध्या गावी आईजवळ आहे. आप्पा गेल्यापासून तिच्या फॅमिली पेन्शनच्या कागदांमागं आहे, त्यामुळं हा मेल लांबेल.

सत्कार जरूर करा. पण शाली घेण्याआधी एक काम करूया. गावागावातल्या सैनिकांची नावं पूर्ण आणि बरोबर लिहून काढूया. नुसतं 'अमुक सुभेदार, येळ्ळूर' असं नको. आर्मी नंबर, पल्टण, भरतीचं साल, पेन्शनीचं साल, बायकोचं नाव लष्कराच्या कागदावर काय आहे आणि आधारवर काय आहे, हे सगळं. जे गेले त्यांचंही.

आप्पा जंगी पल्टणीत होते, म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन. १९७१ च्या युद्धात ही पल्टण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री ३१ बलुच या पाकिस्तानी पल्टणीनं वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला, तो यांनी मोडून काढला. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं आणि १६ तारखेला पल्टण ढाक्यात होती. हे मला मोठेपणी वाचून कळलं. आप्पांनी घरी सांगितलं ते एवढंच, की थंडी लई होती, आणि शेजारच्या खंदकातल्या पोराला पहाटे हाक मारली तर त्यानं ओ दिली नाही. त्या पोराचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं आप्पांना शेवटपर्यंत पाठ होतं. दर दिवाळीला त्याच्या घरी मनिऑर्डर जायची. आई सांगते, पगार वाढला की आधी ती रक्कम वाढायची, मग घरखर्चाची. आमच्याकडं त्यावर कधी चर्चा झाली नाही. ते तसंच असतं असं आम्हाला वाटायचं.

पेन्शनवर आल्यावर आप्पांनी शेती केली, पण त्यांचा निम्मा वेळ दुसऱ्यांच्या कागदांत गेला. गावात कुणाचं मराठा सेंटरला काम निघालं की पहिल्या एसटीनं आप्पा त्याच्याबरोबर निघायचे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाच्या झेरॉक्स काढलेल्या, अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरनं हलायचं नाही. ज्या माणसाशी बांधावरनं आमची कोर्टात केस चालू होती, त्याची भावजय विधवा झाली. तिच्या पेन्शनीचं कामसुद्धा आप्पांनीच केलं. केस चालू राहिली, तारखांना दोघं समोरासमोर उभे राहिले, आणि तिचं पेन्शन सुरू झालं. रेजिमेंटचं ब्रीद 'कर्तव्य, मान, साहस' असं आहे. त्यातलं कर्तव्य मी लहानपणी बघितलं ते असं.

आणि त्याच आप्पांच्या माघारी माझ्या आईचा कागद अडला. लग्नानंतर पल्टणीत आईची नोंद झाली तेव्हा लिहिणाऱ्यानं कानावर पडलं तसं नाव लिहिलं. आधार आमच्याकडं कन्नडातनं झालं, त्यात नावाला 'बाई' जोडलं गेलं आणि आडनावाच्या जागी गावाचं नाव आलं. जन्मतारीख दोन्हीकडं वेगळी. एका बँकेनं कागद परत केले, पुन्हा परत केले, आणि दर वेळी कारण नवं. कागदावरची बाई मीच आहे हे आईनं कुणाकुणाला सांगायचं? नवरा युद्ध लढून आला, ती चार पोरं आणि सासू सांभाळत गावात राहिली, सुट्टीपुरता संसार केला. तिच्या नावाचं एक अक्षर कुणी जपून लिहिलं नाही, याचा मला फार राग येतो.

रस्ता आहे, तो सगळ्यांना कळावा म्हणून लिहिते. सैनिक हयात असेल तर त्यानं स्वतः डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) काढून बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघावी. फरक असेल तर आत्ताच रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा. मराठा पल्टणीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. तिथं नोंद दुरुस्त झाली की पीपीओ दुरुस्त होतो. पेन्शनीचं काम आता प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आहे, तिथंही नाव तेच लागतं. प्रतिज्ञापत्र कसं करायचं, कुठले कागद जोडायचे, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. माणूस असताना जे काम त्याच्या सहीनं सरळ होतं, त्यासाठी त्याच्या माघारी बायकोला दारोदार फिरावं लागतं.

दुसरं म्हणजे हयातीचा दाखला. तो दरवर्षी द्यावा लागतो. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण ऐंशीच्या घरातल्या आजीला तो मोबाईल धरून देणार कोण? पोरं पुण्याला, गोव्याला, नाहीतर आपल्यासारखी समुद्रापलीकडं. दाखला चुकला की पेन्शन थांबतं, आणि ते थांबलंय हे तिला औषधाच्या दुकानात कळतं.

म्हणून म्हणते, मानचिन्हांचे पैसे वाचवूया. त्यात गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला मानधन देता येईल. ते घरोघरी जाऊन नावं लिहून घेतील, कागद ताडतील, दाखले काढून देतील.


प्रेषक: बेळगावचा दादा

ताई, तुमचा मेल घरी मोठ्यानं वाचून दाखवला. माझा पाठिंबा आहे, मानधनाच्या पैशात माझा वाटाही धरा.

पण एक गोष्ट स्पष्ट झाल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. या यादीत कोण? सगळी चर्चा मराठा पल्टणीची चाललीये. आपल्या भागातली माणसं तोफखान्यात आहेत, सिग्नलमध्ये आहेत, नौदलात आहेत, हवाई दलात आहेत. सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं शिकून गेलेलेही असतील. आणि आपले कन्नड शेजारी?

आमच्या गल्लीत मराठा पल्टणीचे एक सुभेदार आणि मद्रास सॅपर्सचे (लष्कराच्या इंजिनिअर दलाचे) एक हवालदार समोरासमोर राहायचे. १ नोव्हेंबरला एका घरी सीमाभाग कर्नाटकात गेल्याचा काळा दिवस, दुसऱ्या घरी कर्नाटक राज्योत्सव. त्या दिवशी दोघांची दारं बंद. पण ७ डिसेंबरला, ध्वजदिनाला, दोघं छातीवर मेडल लावून एकत्र आमच्या शाळेत यायचे. निधीचा डबा एकाच्या हातात, छोट्या झेंड्यांचा गठ्ठा दुसऱ्याच्या. सुभेदारकाका मराठीत बोलायचे, हवालदारकाका कन्नडात, आणि आम्हा पोरांना दोन्ही कळायचं. सुभेदार गेले तेव्हा तिरडीला खांदा द्यायला हवालदारकाका पहिल्या चौघांत होते. यादीत सुभेदार असतील आणि हवालदार नसतील, तर माझ्या गल्लीची नोंद अर्धीच होईल.


प्रेषक: निपाणीकडचे काका

दादा, मनातलं बोलतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे रुचलं नाही. आपलं मराठी मंडळ आहे, आणि सीमाभागात आपल्या भाषेला काय सोसावं लागतं ते मी घरात बघत आलोय. आपल्या चार पैशांत आधी आपली माणसं, हा विचार वाईट नाही. यावर दोन रात्री घालवल्या. मग जे वाचत होतो त्यातच उत्तर मिळालं, ते लिहितो.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुट-अल-अमाराच्या वेढ्यात, १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पल्टणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. शेवटी धान्य संपलं आणि शरणागती पत्करावी लागली. वेढ्यात कितीक गेले, त्याहून हाल कैदेत झाले. त्या रणभूमीवरच्या बेपत्ता मृतांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या शिपायाचंही नाव कोरलं गेलं. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. पण आपल्या साध्या शिपायांची नावं दगडावर आली नाहीत. पल्टणीखाली फक्त आकडा. इकडं गावागावांत इंग्रजांनी संगमरवरी पाट्या लावल्या, या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. तिथंही आकडाच. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले असं सांगतात. आकडा सगळ्यांना पाठ आहे, ४६ नावं किती जणांना सांगता येतील?

युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ च्या अहवालात हे उघड मान्य केलं. किमान १,१६,००० मृतांची नावं कोरली गेली नाहीत किंवा त्यांचं स्मारकच झालं नाही, असा त्यांचाच अंदाज आहे. त्यात मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधली माणसं.

उलट उदाहरणही आहे. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. ते एकटे चालून गेले, गोळ्या पुन्हा भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं लढले, तिथंच पडले. देह मिळाला नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं. त्यांची बटालियन म्हणजे जुनी ११०, तीच कुटला अडकलेली. पुढं तिचीच दुसरी पॅरा, म्हणजे पॅराशूटनं उतरणारी पल्टण झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या वाटेवरच्या टांगाईलला आकाशातनं उतरली. ताई, तुमचे आप्पा आणि ती पल्टण ढाक्याच्या वाटेवर बरोबर होते.

एका परक्या गावाला घाडग्यांचं नाव लिहावंसं वाटलं, आणि बसऱ्याच्या दगडावर आपली माणसं कुणीतरी हलकी ठरवून गाळली. त्या गाळण्याचं दुःख मी करतो. मग स्वतः यादी करताना समोरच्या घरातला हवालदार मला गाळता येणार नाही. दादा, तुमचं बरोबर आहे. माझी एकच अट आहे. प्रत्येकाचं नाव त्याच्या घरात ज्या भाषेत हाक मारतात त्या लिपीत आधी, दुसऱ्या लिपीत खाली. मराठी माणसाचं मराठीत, कन्नड माणसाचं कन्नडात. सीमाभागात हे हट्टानं करावं लागेल, आणि ते आपण करूया.

जुन्या नावांचा शोध मी घेतो. आयोगाची नोंदवही आता इंटरनेटवर आहे. अनेक शिपायांच्या नावाखाली बापाचं नाव, गाव आणि जिल्हा मिळतो. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, तसंच शोधायचं. आणि मराठा या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगात त्या काळी 'आर'च्या आधी एक 'एच' घालत, तो टाकल्याशिवाय पल्टण सापडत नाही. ज्यांना वेळ आहे त्यांनी एकेक तालुका वाटून घ्या. मी हुक्केरी आणि चिकोडी घेतो.


प्रेषक: मंडळाचे सचिव

मंडळी, कार्यकारिणीशी बोललो. मानचिन्हं रद्द. तो पैसा मानधनाला जाईल. तारीख १४ जानेवारीच ठेवतोय, म्हणजे सैन्याच्या कुठल्याही शाखेतल्या माणसाला ती आपली वाटेल. काका, ४ फेब्रुवारीपर्यंत पहिला तालुका पूर्ण करून त्या दिवशी यादी वाचूया. शाल मात्र राहू द्या, अशी दोन सदस्यांची कळकळीची विनंती आहे. त्यांच्या वडिलांना पूर्वी एका सत्कारात मिळालेली शाल ते अजून देवळात जाताना घेतात. ती राहील. आणि जिथं सैनिक हयात नाही तिथं शाल त्यांच्या पत्नीला, पूर्ण नावानं पुकारून.


प्रेषक: खानापूरची ताई

काका, तुमचा मेल आईला वाचून दाखवला. दुसऱ्या पॅराचं ऐकून ती म्हणाली, आप्पा त्यांना 'छत्रीवाले' म्हणायचे. एवढं तिला आठवत होतं आणि मला कधी सांगितलं नव्हतं.

फॉर्म केलाय, रविवारी पाठवते. शेवटी एक रकाना वाढवलाय, 'सोबत्यांची नावं'. प्रत्येक सैनिकाला विचारायचं की तुमच्याबरोबरचं कोण परत आलं नाही, आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं. आप्पांच्या खंदकातल्या त्या पोराच्या नावानं मी सुरुवात केलीये. त्याचं गाव इथनं लांब नाही, घरी कोण आहे ते विचारून येणार आहे.

दादा, तुम्ही दोन कामं करा. फॉर्मचं कन्नड तुमच्या हवालदारकाकांकडनं तपासून घ्या, सरकारी कन्नड नको, गावात कळेल असं. आणि त्यांच्या पीपीओवर काकूंचं नाव कसं लिहिलंय ते याच आठवड्यात बघा.