टीव्हीवर सामना, कॅनव्हासवर क्विझ, आणि मुलगा एकच. कळवू का? कोणाला?

सांख्यिकीवाली:

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसतं वाचतेय. धागा पहिल्यांदाच काढतेय, आणि तोही आईला फोनवर सांगता येत नाही म्हणून.

अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. कुठलं ते विचारू नका, फुटबॉलवेडं गाव आहे एवढं पुरे. टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून पहिल्या वर्षाच्या सांख्यिकीचे दोन गट माझ्याकडे आहेत, साठेक मुलं. त्यातला एक विद्यापीठाच्या फुटबॉल संघात आहे.

परवाच्या शनिवारी रूममेटने सामना लावला होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. तेवढ्यात पंचाने माईकवर नंबर घेऊन चूक जाहीर केली, कॅमेरा त्या खेळाडूवर गेला आणि मी ओरडलेच, "अगं, हा माझा विद्यार्थी!" खोटं कशाला बोलू, भारी वाटलं. टीव्हीचा फोटो काढून ताईला व्हॉट्सॲपवर पाठवला. "बघ, हा माझ्याकडे शिकतो."

सोमवारी कॅनव्हासवर (आमच्या कोर्सची ऑनलाइन साइट) क्विझचे गुण उतरवायला बसले. त्याला ३० पैकी ३०. लॉग (क्विझ कधी उघडली, कधी दिली याची नोंद) उघडला तर सुरुवात शनिवार दुपारी ३:०७, सबमिट ३:१८. ताईला पाठवलेल्या फोटोवरची वेळ ३:११.

म्हणजे मुलगा मैदानात, आणि त्याच्या नावावर दुसरंच कोणीतरी प्रमाण विचलन काढतंय.

आता खरी अडचण. हा मुलगा टवाळ नाही. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून माझ्या ऑफिस अवर्सना येतो. तीन आठवड्यांपूर्वी फळ्यावर सूत्र लिहून घेतलं आणि म्हणाला, एन वजा एकने का भागायचं, एनने का नाही? साठ मुलांत हे फक्त त्याने विचारलं. बाकीच्यांनी सूत्र कॅल्क्युलेटरमध्ये घातलं आणि मोकळे झाले. अर्धा तास आम्ही त्यावर घालवला आणि शेवटी त्याने मलाच उलट समजावून सांगितलं. ही क्विझ त्याची त्याला येत होती हो! तीस नसते मिळाले, वीस नक्की.

खेळाडूंसाठी इथे वेगळं अभ्यासकेंद्र आहे. तिथे ट्यूटर असतात आणि प्रत्येक संघाला अकॅडमिक काउन्सेलर असतो. या मुलाच्या काउन्सेलरचा दर पंधरा दिवसांनी मला फॉर्म येतो: हजेरी किती, गुण किती, काही धोका आहे का. सेमिस्टरच्या सुरुवातीला आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं की खेळाडूंचं काही असलं तर आधी त्या काउन्सेलरशी बोलून घे. पण मला शंका त्या अभ्यासकेंद्राचीच आहे. कुंपणालाच कसं विचारायचं शेत कोणी खाल्लं म्हणून?

तर कोणाला सांगू? की लॉग उघडलाच नव्हता असं समजू? माझं पुढच्या वर्षाचं फंडिंग याच विभागाकडून आहे.

(संपादन: खालच्या प्रतिसादातल्या सूचनेनंतर खेळाडूची जागा, नंबर, तारीख आणि प्रतिस्पर्धी संघाचं नाव काढून टाकलं आहे.)

काठावर_पास:

ताई, रागावू नका, पण लॉग बंद करा आणि झोपा. आपण इथे दुसऱ्याच्या घरी आलोय. त्यांचा फुटबॉल, त्यांचा पैसा, त्यांची मुलं. कोचला राज्याच्या गव्हर्नरच्या कितीतरी पट पगार असतो तिथे टीएला कोण विचारतो? मी पण टीए होतो. एकदा दोन मुलांचे पेपर शब्दन् शब्द सारखे निघाले (खेळाडू नव्हते), रीतसर कळवलं, तीन सुनावण्यांना बसलो आणि माझी स्वतःची पीएचडीची क्वालिफायर परीक्षा गेली. मुलं पास झाली.

जुना_फळा:

वरच्या प्रतिसादाशी असहमत, पण आधी महत्त्वाचं. तुमच्या लेखात खेळाडूची जागा, नंबर आणि सामना आहे. ते आत्ताच काढा. विद्यार्थ्याची शैक्षणिक माहिती तुम्ही नोकरीच्या नात्याने बघितली आहे. १९७४चा फर्पा कायदा (विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवण्याचा) तुम्हालाही लागू होतो, मराठीत लिहिलं म्हणून सुटका नाही.

मी अमेरिकेत वीसेक वर्षं शिकवतोय. दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या.

जॉर्जिया विद्यापीठात जॅन केम्प नावाच्या बाई कच्च्या मुलांना इंग्रजी शिकवायच्या. नऊ फुटबॉल खेळाडू त्या विषयात नापास असताना त्यांना वर ढकललं, कारण १ जानेवारी १९८२ला शुगर बोल हा फुटबॉलचा मोठा सामना होता. बाईंनी आवाज उठवला. आधी पद गेलं, मग नोकरी. त्यांनी दावा लावला. कोर्टात विद्यापीठाच्याच वकिलाने ज्यूरीला काय सांगावं? अशा खेळाडूला विद्यापीठाचा विद्यार्थी नाही बनवता आलं तरी लिहायला-वाचायला शिकवलं, तर खेळ संपल्यावर कचरागाडीऐवजी पोस्टात तरी लागेल. हा बचाव होता बरं का! १९८६मध्ये ज्यूरीने बाईंना २५ लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. ती पुढे कमी होऊन अकरा लाखांच्या आसपास आली, पण नोकरी परत मिळाली आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं.

मिनेसोटा विद्यापीठात बास्केटबॉल खेळाडूंचे सुमारे ४०० निबंध आणि गृहपाठ कोणी लिहिले? ऑफिस सांभाळणाऱ्या एका बाईंनी. १९९९च्या मार्चमध्ये स्थानिक वर्तमानपत्राने ते छापलं. १९९७ला संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला होता, ते यश नोंदीतून पुसलं गेलं, आणि बातमीदाराला पुलित्झर मिळालं. कोचला १५ लाख डॉलर देऊन निरोप दिला होता. नंतर कोर्टाने त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम परत करायला लावली.

आता तुमच्या कामाचं. काउन्सेलरशी बोलू नका. मुलाशी तर अजिबात नाही. कोर्सच्या प्राध्यापकांना ईमेल लिहा, तोंडी सांगू नका. चार ओळींत: कुठली क्विझ, लॉगमधली वेळ, सामन्याची वेळ, "पुढे काय करावं ते कळवावं". 'फसवणूक' हा शब्द लिहू नका, तो ठरवायचं काम तुमचं नाही. लॉगचा स्क्रीनशॉट विद्यापीठाच्याच ड्राइव्हवर ठेवा, स्वतःच्या फोनमध्ये नको. प्राध्यापक गप्प बसले तर अकॅडमिक इंटिग्रिटीचं ऑफिस आहे. शिवाय एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संस्था) नियमानुसार प्रत्येक विद्यापीठात फॅकल्टी ॲथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्ह असतो, प्राध्यापकांपैकीच एक, क्रीडा विभागाचा नोकर नाही. बहुतेक टीएंना हे पद असतं हेच माहीत नसतं.

व्हिसाचं म्हणाल तर तक्रार केली म्हणून स्टेटस जात नाही. फंडिंगची भीती मात्र खोटी नाही, आणि म्हणूनच सगळं लेखी हवं.

आणि हो, कॅनव्हासमधली वेळ कुठल्या टाइमझोनची आहे ते बघितलंत का? सामना बाहेरगावी होता ना?

सांख्यिकीवाली:

@जुना_फळा, काढलं सगळं. लाज वाटली, लिहिताना लक्षातच आलं नाही.

टाइमझोन बघितला. कोर्स आमच्या स्थानिक वेळेवर आहे, फोटोही त्याच वेळेचा. सामना तासाभराच्या फरकाच्या राज्यात होता, पण मी दोन्ही वेळा इथल्याच घड्याळाने मोजल्यात. सांख्यिकीवाली आहे हो, एवढं तरी!

उलटी_गंगा:

जुन्या फळ्याची गोष्ट अर्धीच आहे. उरलेली मी सांगते, मग ठरवा.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, चॅपल हिल. १९९३ ते २०११, अठरा वर्षं. आफ्रिकन अँड आफ्रो-अमेरिकन स्टडीज विभागात असे कोर्स, ज्यांत वर्ग नाही, शिक्षक नाही, शेवटी एक निबंध. तपासायच्या कोण? विभागाच्या ऑफिसातल्या बाई, ज्या प्राध्यापक नव्हत्याच. २०१४च्या वेनस्टीन चौकशी अहवालाप्रमाणे ३,१००हून जास्त विद्यार्थी त्यातून गेले आणि त्यात निम्म्याच्या जवळपास खेळाडू. बाई २००९ला निवृत्त झाल्या तेव्हा फुटबॉलच्या काउन्सेलरांनी कोचेसना स्लाइड दाखवून सांगितलं, की जिथे वर्गात जायला लागत नव्हतं, नोट्स काढायला लागत नव्हत्या, ते कोर्स आता राहिले नाहीत. स्लाइड! चोरी करायची आणि पॉवरपॉइंट करायचा.

शिक्षा किती? मान्यता देणाऱ्या संस्थेने वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं. एनसीएएने ऑक्टोबर २०१७मध्ये सांगितलं की हे कोर्स सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणून खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही. संपलं. एकही विजय गेला नाही.

आता मिझूरी. तिथे एका ट्यूटरने २०१६मध्ये आपणहून कबूल केलं की तिने बारा खेळाडूंचं काम करून दिलं, त्यात ऑनलाइन गणिताचे कोर्स होते. (ओळखीचं वाटतंय?) विद्यापीठाने लपवलं नाही, चौकशीत साथ दिली. जानेवारी २०१९ला निकाल: फुटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल संघांना एक वर्ष पोस्टसीझनबंदी, म्हणजे नियमित सीझननंतरच्या स्पर्धा बंद. ट्यूटरवर दहा वर्षांचा ठपका. वरून दबाव होता असं ती म्हणत होती, पण कोणी तिला तसं करायला सांगितल्याचा पुरावा समितीला सापडला नाही. कसा सापडेल? असलं कोणी ईमेलवर सांगत नाही. "तो पास व्हायलाच हवा" एवढं म्हटलं की पुरतं.

कबूल केलं तो अडकला. "आमचे कोर्स असेच असतात" म्हणणारा सुटला. ज्या ट्यूटरला तुम्ही पकडून देणार आहात तो तुमच्यासारखाच तासावर काम करणारा पोरगा किंवा पोरगी असेल, एवढं लक्षात ठेवा.

आणि त्या मुलाचं काय? नियम म्हणतो सीझनमध्ये आठवड्याला २० तासच खेळ. पण प्रवास त्यात धरत नाहीत, आणि सामन्याचा अख्खा दिवस ३ तास म्हणून मोजतात! दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचं ४० टक्के काम व्हायला हवं, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८०. मग काउन्सेलर कुठला विषय घे म्हणेल? जो आवडतो तो, की जो सराव चुकवत नाही तो? एन वजा एक विचारणाऱ्या मुलाला सांख्यिकीत मेजर करायला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

मी म्हणत नाही की कळवू नका. कळवा. पण ईमेलमध्ये एक ओळ घाला: क्विझची मुदत आणि संघाचा प्रवास एकाच दिवशी येत होता, आणि हे क्रीडा विभागाला आधीपासून माहीत होतं.

काठावर_पास:

स्लाइडचं खरं आहे? बापरे. माझा सल्ला मागे घेतो. अर्धा.

सांख्यिकीवाली:

उशीर झाला, माफ करा. पाच आठवडे झाले. जेवढं सांगता येतं तेवढं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापकांना ईमेल केला, सहा ओळी. @उलटी_गंगा, तुमची ओळ घातली. पाठवायचं बटण दाबायला वीस मिनिटं लागली. तासाभरात त्यांनी बोलावलं. दार लावलं, स्क्रीनशॉट दोनदा पाहिला आणि म्हणाले, तू लॉग का उघडलास? मी म्हटलं, पूर्ण गुण असले की मी उघडते, सगळ्यांचेच. हे खरं आहे. त्यावर काही बोलले नाहीत, पण ईमेल पुढे पाठवला. मला सीसीमध्ये ठेवलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

चौथ्या दिवशी काउन्सेलरचा ईमेल आला. अतिशय गोड. मुलगा किती मेहनती आहे, कुटुंबातून कॉलेजला येणारा पहिलाच आहे, आणि यापुढे अशी काही शंका आली तर "आधी आपण दोघं कॉफी घेऊ". मी प्राध्यापकांना फॉरवर्ड केला. उत्तर दिलं नाही.

मुलगा एक आठवडा आला नाही. मग आला, नेहमीसारखा बर्फ बांधून. मला त्या विषयावर बोलायची परवानगी नव्हती, तोही काही बोलला नाही. बायनॉमियलची तीन गणितं सोडवली. तिसऱ्यात चुकला, स्वतःच खोडलं. जाताना दारात थांबला, म्हणाला, "ती क्विझ मला येत होती." मी फक्त मान हलवली. तेवढंही करायला हवं होतं का, माहीत नाही.

ती क्विझ रद्द झाली. पुन्हा द्यायला लावली, माझ्याच खोलीत, कागदावर, दोन साक्षीदार बसवून. २३ मिळाले. पुढची चौकशी कुठे आहे ते मला कोणी सांगत नाही. तो शनिवारी खेळतोय, एवढं टीव्हीवर दिसतं.

काल विभागाच्या मेलिंग लिस्टवर जाहिरात आली. खेळाडूंच्या अभ्यासकेंद्रात सांख्यिकीच्या ट्यूटरची एक जागा तातडीने भरायची आहे, सेमिस्टरच्या मध्यातच. संध्याकाळची वेळ, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्राधान्य. संपर्कासाठी खाली त्याच काउन्सेलरचं नाव आहे.