थेंब घरंगळत नाहीत, म्हणून कोटिंग संपले असे नव्हे
पाण्याचे थेंब पूर्वीसारखे घरंगळत नाहीत, म्हणजे गाडीवरचे सिरॅमिक कोटिंग (रंग जपणारा पातळ, पारदर्शक थर) संपले, असे अनेकदा म्हटले जाते. तो निष्कर्ष मला घाईचा वाटतो. अनेकदा थर शाबूत असतो आणि त्यावर धूळ, धूर व क्षारांचा पापुद्रा बसलेला असतो, त्यामुळे पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही अशा) शाम्पूने गाडी नीट धुऊन, गरज भासल्यास लोहकण काढणारे द्रावण वापरून, मगच निर्णय घ्यावा.

आपल्या बेळगाव भागात अनेकांची खरी अडचण बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याची आहे. उन्हात तापलेल्या बॉनेटवर ते वाळले की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे डाग राहतात, आणि कोटिंग त्यांना रोखत नाही. उलट थेंब गोलसर उभे राहत असल्याने डाग अधिकच ठळक उठतात. (विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.) म्हणून गाडी सावलीत धुवावी व मायक्रोफायबर टॉवेलने लगेच टिपून घ्यावी. ताजे डाग सौम्य आम्लयुक्त वॉटर स्पॉट रिमूव्हरने निघतात. खोलवर गेलेले मात्र पॉलिश करूनच काढावे लागतात, आणि त्यात कोटिंगही झिजते.

खानापूर किंवा चोर्ला घाटाकडून लाल मातीने माखून आलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे तिच्यावर सँडपेपर फिरवणेच आहे. आधी प्रेशरच्या पाण्याने माती उतरवावी. पावसाळ्याच्या तोंडावर कोटिंगला चालणाऱ्या सिलिका स्प्रेचा (पाणी घरंगळवणाऱ्या फवाऱ्याचा) एक हात अवश्य द्यावा.